उपप्रमुखांची शिल्लक वाक्यं

विषय : वाचा गेल्याबाबत

उपप्रमुखांची वाचा सकाळी दाढी करताना गेली. कार्यालयात ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नाही.

घरातही ती लगेच लक्षात आली असं नाही. बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, चहा गार होतोय." उपप्रमुखांना 'आलो' म्हणायचं होतं. गालावर अर्धा फेस होता, उजवा हात जरा जड वाटत होता, आणि तोंडातून आलं, "प्रकरण विचाराधीन आहे."

"चहाचं प्रकरण?" बायको म्हणाली. "प्यायचा तर प्या, नाहीतर मोरीत ओतते."

"योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

"सकाळी सकाळी कसला आलाय विनोद!"

उपप्रमुख तक्रार निवारण विभागात होते. सगळी नोकरी तिथेच झाल्यामुळे घरीही ते अधूनमधून असंच बोलत. नळ गळतोय म्हटलं की ते तसं म्हणत आणि नळ गळत राही. त्यामुळे बायकोचा काही दोष नव्हता. तिसऱ्या वाक्याला मात्र ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि आरशात तिला नवऱ्याचे डोळे दिसले. ते विनोद करणाऱ्याचे नव्हते. विहिरीत पडलेल्या माणसाचे होते.

"मेंदूतली एक बारीक नस बंद झाली," डॉक्टर म्हणाले. "माणूस नवं वाक्य जिथे जुळवतो, ती जागा बसली. लिहिणंही गेलंय. पण वापरून वापरून गुळगुळीत झालेली वाक्यं तिथे राहतच नाहीत. ती जुळवावी लागत नाहीत, त्यांना विचार लागत नाही. ती दुसरीकडे कुठेतरी पडून असतात. ती वाचली. कोणाच्या शिव्या उरतात, कोणाचे पाढे."

"यांचं काय उरलंय?"

चार वाक्यं उरली होती. 'प्रकरण विचाराधीन आहे.' 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' 'आपलं म्हणणं बरोबर आहे, पण नियमात बसत नाही.' आणि 'उद्या या.' एखादी शिवी तरी उरली असेल या आशेने डॉक्टरांनी दंडात सुई जरा जास्तच खुपसून पाहिली. उपप्रमुखांचे डोळे पांढरे झाले आणि ते म्हणाले, "आपलं म्हणणं बरोबर आहे, पण नियमात बसत नाही."

"आणि डोकं?" बायकोने हळूच विचारलं.

"डोकं लख्ख आहे. त्यांना सगळं कळतंय."

ते खरं होतं. शब्द गेले की विचारही थांबतील, असं उपप्रमुखांना वाटलं होतं. ते थांबले नाहीत. कचेरी रिकामी झाल्यावर पावलं जास्त वाजावीत, तसे ते जास्तच जाणवू लागले. उदाहरणार्थ, खाटेशेजारी बसलेल्या बायकोकडे पाहून त्यांच्या मनात आलं :

(तिच्या मनगटावरची भाजल्याची जुनी खूण. ती झाली तेव्हा आपण हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं नव्हतं.)

एवढं सगळं मनात आलं आणि ते बायकोला म्हणाले, "उद्या या."

विषय : रजा मिळणेबाबत

रुग्णालयाने बोलणं परत शिकवणाऱ्या एक बाई नेमून दिल्या. घरात त्यांना सगळे वाचाबाई म्हणू लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "पहिले काही महिने माती ओली असते. त्यात काय रुजलं ते रुजलं. यांना घरी ठेवा, माणसांत ठेवा, जिवंत बोलणं कानावर पडू द्या. कार्यालयात पाठवलंत तर ही चार वाक्यं इतकी घट्ट बसतील, की पाचवं कधी उगवणार नाही."

म्हणून बायको रजेसाठी कार्यालयात गेली. आस्थापना शाखेतले कारकून सज्जन होते. त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"वहिनी, रजेची विनंती कर्मचाऱ्याने स्वतः येऊन तोंडी करायची असते. नातेवाईक परस्पर रजा काढतात, म्हणून नियम केलाय."

"पण त्यांची वाचाच गेली आहे हो."

"मग तसं त्यांनी येऊन सांगावं."

दुसऱ्या दिवशी ती उपप्रमुखांना घेऊन गेली. कारकून उभे राहिले. "साहेब, आपली वाचा गेल्याचं वहिनी म्हणतात."

"आपलं म्हणणं बरोबर आहे, पण नियमात बसत नाही."

"तेच मी काल वहिनींना सांगत होतो," कारकून म्हणाले.

प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे गेलं. मंडळावर तीन सदस्य होते : एक हाडांचे, एक दातांचे आणि एक प्रशासकीय. नियमानुसार, ज्याच्या बोलण्याचा कार्यालयीन कामकाजात उपयोग होऊ शकत नाही, तो कर्मचारी वाचाहीन. मंडळाने उपप्रमुखांना हवापाण्यापासून बढतीच्या धोरणापर्यंत निरनिराळे प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तरानंतर एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं.

"एकही शब्द जास्त नाही," हाडांचे म्हणाले.

"जबडाही उत्तम," दातांचे म्हणाले.

बायकोला राहवेना. "अहो, त्यांना माझं नाव विचारा! ते सांगता येतंय का बघा!"

प्रशासकीय सदस्यांनी चष्मा काढला. "बाई, हा निकष लावला तर अर्धं खातं रजेवर जाईल."

उपप्रमुख कामास पूर्णपणे योग्य ठरले.

विषय : टेबलावरील शांततेबाबत

पूर्वी उपप्रमुखांच्या टेबलापुढे आरडाओरडा असे. तो त्यांच्या चांगुलपणामुळे होत असे. माणसाने तक्रार सांगितली की ते कागद मागत, कारणं देत, कारणं खोटी आहेत हे माणसाला कळे आणि मग तो टेबल बडवी. आता ते कारण देऊ शकत नव्हते. माणूस यायचा, बोलायचा, वाक्य घ्यायचा आणि जायचा. रांग सरसर पुढे सरकू लागली.

एक बेकरीवाला रोज येत होता. त्याच्या भट्टीमागचं गटार फुटलं होतं. "साहेब, पाव वासाला लागतोय," तो सांगे. "गिऱ्हाईक पाव नाकाशी नेतं आणि परत ठेवतं. लेकरासारखी भट्टी आहे हो माझी."

(पांढरं पीठ. पिठावर काळ्या पाण्याची रेघ. माणसाच्या कोपरापर्यंत पीठ, आणि तो हात आपल्या टेबलावर टेकताना लाजतोय.)

"उद्या या," उपप्रमुख म्हणाले. तो उद्या आला. परवा पुन्हा उद्या आला. शेवटी उपप्रमुखांनी उठून त्याचा हात धरला, त्याला थेट अभियंत्याच्या टेबलापाशी नेलं आणि खिडकीतून गटाराच्या दिशेने बोट दाखवलं. अभियंता धडधाकट होता. त्याची कुठलीच नस बंद झालेली नव्हती. तो म्हणाला, "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

बडे साहेबांनी उपप्रमुखांना आत बोलावून घेतलं. "तुमच्या टेबलावर हल्ली चिडीचूप असतं. गुपित काय?"

"प्रकरण विचाराधीन आहे."

"वर विनयही आहे," बडे साहेब म्हणाले आणि त्यांनी ही चार वाक्यं सगळ्या विभागाला लागू केली. पाचवं बोलणाऱ्याला समज देण्यात येऊ लागली. आठवड्याभराने शिपाई उपप्रमुखांच्या कानाशी लागला. "साहेब, तुमच्यापाशी म्हणून बोलतो. मी दिवसाला चार गोष्टी बोलायचो, त्यातल्या दोन शिव्या असायच्या. आता मनातसुद्धा शिवी येत नाही. माणूस म्हणून संपलो मी."

उपप्रमुखांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला जे म्हणायचं होतं ते शिपायाला बरोबर कळलं, कारण तो रडायला लागला.

विषय : चिंगी

संध्याकाळी वाचाबाई यायच्या. त्यांनी चित्रांचे पत्ते आणले होते, पण थोड्याच दिवसांत ते पिशवीत परत ठेवले. "पाठांतराने काही होणार नाही, काका. पोरं शब्द पाठ करत नाहीत. पोरांना आधी काहीतरी हवं असतं. ते हवं असणं पुढे जातं आणि शब्द मागून धापा टाकत येतो. तुम्हाला काय हवंय?"

उपप्रमुखांनी विचार केला. नोकरीत त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं.

घरात बोलायला शिकणारं आणखी एक माणूस होतं. मुलीची मुलगी, चिंगी. मुलगी आणि जावई दोघं कामावर जात आणि चिंगी दिवसभर आजीपाशी असे. आजोबा आले की ती त्यांच्या मांडीत येऊन बसे आणि दोघांचं बिनशब्दांचं कामकाज सुरू होई. चिंगी चमचा खाली टाके, आजोबांकडे बघे. वाटी टाके, बघे. एके दिवशी तिने आजोबांचा चष्मा टाकला आणि मग बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली.

(चमचा पडतो. वाटी पडते. चष्मा पडतो. मग ते का पडत नाही?)

हा विचार आपला नसून चिंगीचा आहे, हे उपप्रमुखांना कळलं. एकही शब्द न येणारी ही कार्टी घड्याळामागच्या खिळ्यापर्यंत पोचली होती. त्यांना इतका आनंद झाला की ते हात वर करून ओरडले, "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल!"

चिंगीनेही हात वर केले.

मग व्हायचं तेच झालं. आईने दुधाचा पेला पुढे केला, तेव्हा चिंगीने जन्मातलं पहिलं वाक्य उच्चारलं, "पकलण विचालाधीन आहे." सगळे पोट धरून हसले. मुलीने ते फोनवर टिपलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. त्यानंतर चिंगीचा कान दुखायला लागला. ती कळवळून रडत होती आणि आई विचारत होती, "कुठे दुखतंय गं राणी? सांग ना, कुठे?"

"उद्या या," चिंगी हुंदके देत म्हणाली.

या वेळी कोणी हसलं नाही. औषध चुकून पोटाचं दिलं गेलं. रात्र सरली, कान फुटला, तेव्हा कळलं.

"बाबा, हात जोडते," मुलगी म्हणाली. "तिच्यासमोर तोंड उघडू नका."

"अगं, बोलले नाहीत तर यांची वाचा कशी येणार?" आजी म्हणाली.

"आणि बोलले तर तिची कशी येणार, आई?"

उपप्रमुख त्या दिवसापासून चिंगीपुढे ओठ मिटून बसू लागले.

विषय : तक्रारीच्या उगमाबाबत

फोनवरचं ते चित्रण फिरत फिरत बडे साहेबांपर्यंत पोचलं. त्यांनी लगोलग एक भाषा-कार्यक्षमता सल्लागार नेमला. त्याचे बूट इतके चकचकीत होते, की सभेत सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"तक्रार कुठे जन्मते?" सल्लागाराने विचारलं. "तुम्हाला वाटतं गटारात. चूक. तक्रार भाषेत जन्मते. माणूस शब्दांत विचार करतो. ज्याच्याकडे शब्द नाही, त्याच्याकडे विचार नाही. 'गटार' हा शब्दच नसेल, तर वास येईल, पण तक्रार येणार नाही."

"वा!" बडे साहेब म्हणाले.

"मोठ्या माणसांचे शब्द काढून घेणं खर्चिक आहे. मुलांना ते मुळात न देणं स्वस्त. उपप्रमुखांच्या नातीने ही वाक्यं कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय आत्मसात केली आहेत. आपण कार्यालयाचं पाळणाघर काढू. सांभाळणाऱ्या बाया एवढंच बोलतील. ही पिढी मोठी होऊन तक्रार घेऊन येईल, तेव्हा तिच्याकडे प्रश्न नसतील. फक्त आपली उत्तरं असतील."

संपूर्ण सभेत हे खोटं आहे हे पुराव्यानिशी माहीत असलेला एकच माणूस होता. त्याच्याकडे शब्द नव्हते आणि त्याच्या डोक्यात तक्रारीशिवाय दुसरं काही नव्हतं. (काळं पाणी. फुटलेला कान. शिपायाचं तोंड. बूट, चकचकीत बूट, त्यावर ओतायला ते काळं पाणी.) उपप्रमुख खुर्ची मागे सारून उभे राहिले. सगळा जीव गोळा करून त्यांनी सल्लागाराकडे बोट रोखलं आणि गरजले,

"आपलं म्हणणं बरोबर आहे, पण नियमात बसत नाही!"

"नियम बदलू!" बडे साहेब टाळ्या वाजवत म्हणाले. "उपप्रमुख, या योजनेचे प्रमुख तुम्हीच. आणि उद्‌घाटनाला नातीला आणायचं."

घरी रणकंदन झालं.

"तुला कळतंय का, तिथे काय शिकवणार आहेत?" आजी मुलीवर कडाडली.

"कळतंय गं. पण तुझे गुडघे, बाबांचं हे असं. मी ठेवू कुठे तिला? निदान तिथे पंखा आहे. दोन वेळचं खाणं आहे."

"तोंड बंद करायला खाणंच लागतं," आजी म्हणाली.

त्याच वेळी चिंगीच्या कानात औषध घालायची वेळ झाली होती. मुलगी बाटली घेऊन वाकली. चिंगीने मान फिरवली, दोन्ही हातांनी कान झाकला आणि म्हणाली, "नको!"

हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. घरात सगळे तो दिवसभर वापरत होते, पण बाळाला शिकवण्यासारखा शब्द आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. मुलीने बाटली पुढे केली की 'नको', मागे घेतली की गप्प. पुन्हा पुढे, पुन्हा 'नको'. चिंगी खूश झाली. एवढ्याशा शब्दाने एवढी मोठी आई मागे सरकते, हे तिला नव्यानेच कळलं होतं.

उपप्रमुख न्हाणीघरात गेले आणि कडी लावून आरशापुढे उभे राहिले. वाचाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडलं होतं. त्यांना हवं असं काहीच नव्हतं, पण एक गोष्ट नव्हती हवी. ती इतकी नव्हती हवी, की त्यांना घाम फुटला. "न," ते म्हणाले. "न. प्र. प्रकरण. न."

"अहो, आत काय चाललंय?" बायकोने दार ठोठावलं.

"उद्या या!" ते चिडून म्हणाले.

विषय : उद्‌घाटन

व्यासपीठावर हार होते, चौरंग होता, सल्लागाराचे बूट होते. चिंगीला नवीन झबलं घालून उंच खुर्चीवर बसवलं होतं. पहिल्या रांगेत आजी, मुलगी आणि वाचाबाई बसल्या होत्या. बडे साहेबांनी माइक चिंगीच्या तोंडाशी धरला.

"सांग बाळ, मोठी झालीस की साहेबांना काय सांगणार?"

चिंगीने माइककडे पाहिलं. मग समोरच्या एवढ्या तोंडांकडे पाहिलं. ओठांचा चंबू केला. "पक…"

उपप्रमुखांचा डावा हात माइकवर पडला. त्यांची मान ताठ झाली, शिरा तटतटल्या, बायको अर्धवट उठली. वाटलं, दुसरी नस गेली.

"नको," उपप्रमुख म्हणाले.

माइकमुळे ते सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं. कोणाला काही म्हणताच येईना, कारण या प्रसंगाला चारपैकी एकही वाक्य लागू पडत नव्हतं.

"उपप्रमुख दमलेत," बडे साहेब सावरून म्हणाले. "हा त्यांच्या बढतीचा आदेश…"

"नको."

"निदान हार तरी…"

"नको."

खाली पहिल्या रांगेत बायको एकाच वेळी रडत आणि हसत होती. "पुन्हा म्हणा हो!" ती ओरडली. "एकदा पुन्हा म्हणा!"

"नको," उपप्रमुख म्हणाले, आणि चिंगीला उचलून पायऱ्या उतरले.

विषय : वाचाहीनतेबाबत अंतिम निर्णय

मंडळ तातडीने बसलं. खात्याच्या इतिहासात बढतीला, हाराला आणि बडे साहेबांना उद्देशून असा शब्द कोणी वापरल्याचं आढळून येत नव्हतं. या शब्दाचा कार्यालयीन कामकाजात कोणताही उपयोग होऊ शकत नाही, यावर हाडांचे, दातांचे आणि प्रशासकीय अशा तिघांचंही एकमत झालं. उपप्रमुखांची वाचा पूर्णतः गेली असल्याचा दाखला देण्यात आला. रजा मंजूर झाली, पुढे नोकरीही संपली. कारकुनांनी दाखला घरपोच आणून दिला आणि "वहिनी, शेवटी न्याय झाला," असं म्हणाले.

पाळणाघर चालू आहे. तिथे भरपूर मुलं आहेत, पंखे आहेत. चिंगी नाही. आजोबा घरी असल्यामुळे ती घरीच राहिली. दोघांकडे आता 'नको', 'हे', 'बघ' आणि 'का' आहे. 'का' आल्यापासून घरात कोणाला उसंत नाही. बायकोचं नाव अजून नीट येत नाही, पण उपप्रमुख दर सकाळी तिच्या मनगटावर बोट ठेवून त्यातलं एखादं अक्षर मिळवतात, आणि ती ओट्याशी उभी राहून पुढच्या अक्षराची वाट बघते.

अडचण एकच आहे. वाचाबाई म्हणतात, आता भरपूर जिवंत बोलणं कानावर पडलं पाहिजे, माणसं येऊ द्या. माणसं येतात. खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, "काळजी घ्या." म्हणतात, "होईल सगळं नीट." म्हणतात, "काही लागलं तर हक्काने सांगा." उपप्रमुख पुढे वाकून, डोळे बारीक करून ऐकतात, आता पुढे काहीतरी येईल म्हणून थांबतात. पाहुणा घड्याळाकडे बघतो, उठतो आणि दारातून सांगतो, "येतो मग." वाचाबाई चुकचुकतात.

खुर्ची रिकामी आहे. तुम्हीही जाऊन बसू शकता. चहा मिळेल. फक्त, आजवर कुठेही न वापरलेलं, तुमचं स्वतःचं एक वाक्य तिथे बोलायचं. सुचेपर्यंत नुसतं बसलात तरी चालतं, कोणी उठवत नाही. उपप्रमुखांच्या या हकिकतीविषयीच काही म्हणावंसं वाटलं, तर 'विचार करायला लावणारी आहे' एवढं मात्र म्हणू नका. ते आधी बरेच जण म्हणून गेलेत, आणि चिंगीला ते पाठ झालंय.